आधी व्होल्ट मोजा, मग एफडीला हात लावा

प्रश्न: माझी 2017 ची पेट्रोल गाडी आहे, 52,000 किलोमीटर झालेत. शाळेला स्कूटरवर जाते; गाडी फक्त रविवारी वाईहून साताऱ्याला आईकडे जाण्यापुरती निघते. दिवाळीत डॅशकॅम बसवला. त्यानंतर तीनदा बॅटरी उतरली. बॅटरी 14 महिन्यांपूर्वीच नवी टाकली होती. गॅरेजवाले म्हणतात, बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) दोन्ही बदला, 19,500 रुपये. भाऊ म्हणतो, ही काढून टाक आणि नवी घे: 3 लाखांची एफडी मोड, 6 लाखांचं कर्ज काढ. काय करू?

उत्तर: ताई, भावाचा हिशोब आधी करू, कारण तो लवकर संपतो. 6 लाख, साडेनऊ टक्के, 5 वर्षं: हप्ता सुमारे 12,600 आणि नुसतं व्याज 1 लाख 56 हजार. एफडीचं व्याज बुडेल ते वेगळंच. एवढं करून जी गाडी येईल तिच्यातही 12 व्होल्टचीच बॅटरी असेल, तीही सहा दिवस दारात उभी राहील आणि तोच कॅमेरा तिला लावला तर तीही उतरेल.

माझा संशय त्या कॅमेऱ्यावरच आहे. गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग चालू राहावं म्हणून त्याची वायर अनेकदा थेट बॅटरीच्या लाइनवर जोडतात. समजा, तो 250 मिलिअँपिअर खातो. दिवसाला 6 अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात) झाले, सहा दिवसांत 36. लहान पेट्रोल गाडीची बॅटरीच साधारण 35 ची! निरोगी गाडी उभी असताना 50 मिलिअँपिअरच्या आत खाते. हे गणित गॅरेजवाल्याने मांडलं नाही, त्याने थेट सुट्या भागांची यादी दिली.

म्हणून पहिला खर्च मोजणीचा. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला तपासणीचे पैसे वेगळे द्या, म्हणजे पार्ट विकायची घाई त्याला राहणार नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवली की सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवी, 12.2 म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण 13.8 ते 14.5 वर गेला आणि हेडलाइट, एसी लावूनही टिकला, तर अल्टरनेटर ठणठणीत आहे, त्याचे पैसे वाचले. आकडा 12 वरच अडकला, तरी आधी बेल्ट, फ्यूज, अर्थिंगची वायर आणि टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी बघायला सांगा. पुष्कळदा अल्टरनेटरमधला कार्बन ब्रश किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर एवढंच बदलून काम भागतं, अख्खा अल्टरनेटर लागत नाही. शेवटी गाडी बंद, दारं बंद, अर्धा तास थांबून किती करंट गळतोय ते मोजा. कॅमेऱ्याचा फ्यूज काढून पुन्हा मोजा.

एक मात्र करू देऊ नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का बघायचं, ही जुनी परीक्षा काही मिस्त्री अजून घेतात. त्या झटक्याने गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, आणि मग 19,500 स्वस्त वाटतील.

बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा. 14 महिन्यांची बॅटरी बहुतेक वॉरंटीत असेल. दुकानदार ती आधी चार्ज करून तपासेल. नुसती उतरलेली असेल तर परत देईल, सेल खराब असेल तर बदलून मिळायला हवी. पण गळती न थांबवता नवी बॅटरी आणलीत, तर तीही वर्षभरात तशीच मरेल. वारंवार पूर्ण उतरली की बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं.

समजा अगदी दोन्ही बदलावं लागलं, तरी 19,500 म्हणजे नव्या गाडीचे दीड हप्ते. तुमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन 2032 पर्यंत आहे आणि 52,000 किलोमीटर म्हणजे पेट्रोल इंजिनाचं काही वय नव्हे. एफडी राहू द्या. विकायचा विचार तिच्या इंजिनाने किंवा गिअरबॉक्सने मोठा खर्च काढला तर करू.

कॅमेऱ्याचा फ्यूज तेवढा आजच काढून ठेवा, रविवारी सेल्फ मारून बघा आणि मला कळवा.