बुरशी सापडली, पण बी रोगट आहे का?

झाडांच्या बियांतील बुरशीजन्य रोगांच्या निदानाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पीएचडीनंतरच्या प्रकल्पासाठी पाइनच्या बियांतील फ्युजेरियम सर्सिनेटम ही बुरशी शोधतो आहे. ५० बिया आगारवर (बुरशी वाढवायच्या पोषक माध्यमावर) लावल्या, बुरशी काहीच उगवली नाही. त्याच लॉटचा पीसीआर (बुरशीचा डीएनए शोधणारी चाचणी) मात्र पॉझिटिव्ह. खरं कोणाचं मानू?

उत्तर : दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. आधी नमुना पाहा. लॉटमध्ये १ टक्का बिया बाधित असतील, तर ५० बियांत एकही बाधित बी न येण्याची शक्यता जवळपास ६० टक्के असते. ती ५ टक्क्यांवर आणायला २९९ बिया लागतात. प्रमाण चाचण्यांत ४०० बिया घेतात त्या उगाच नाही.

आता पीसीआर. तो मेलेल्या बुरशीचा डीएनएही मोजतो आणि टरफलावर नुसते चिकटलेले बीजाणूही. म्हणून ‘बुरशी कुठे आहे’ आणि ‘ती जिवंत आहे का’ हे प्रश्न वेगळे सोडवा.

कुठे आहे ते पाहण्यासाठी निम्म्या बिया तशाच ठेवा. उरलेल्या १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्याचा थेंब टाकून ५ ते १० मिनिटं हलवा, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. ट्वीन नसेल तर टरफलाच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि तेवढी जागा कोरडी राहते. शेवटच्या धुवणाचं पाणी आगारवर पसरून बघा. त्यातून बुरशी आली तर पृष्ठभाग निर्जंतुक झालेलाच नाही. उलटी चूकही होते. तडकलेल्या बीत क्लोरीन आत शिरून आतली बुरशी मारतं आणि रोगट बी निरोगी ठरतं. तडकलेल्या बिया आधीच निवडून वेगळ्या तपासा.

जिवंत आहे का हे पाहायला बिया बटाटा-डेक्स्ट्रोज द्रवात २२ अंश सेल्सियसला ७२ तास ठेवा आणि आधीच्या-नंतरच्या सीटी मूल्यांची तुलना करा (सीटी म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीत डीएनए दिसू लागला तो आकडा; तो जितका कमी, तितका डीएनए जास्त). सीटी सुमारे ३.३ ने उतरला म्हणजे डीएनए दहापट वाढला. सोबत ऑटोक्लेव्ह केलेल्या बियाही त्याच द्रवात ठेवाव्यात, नाहीतर बदल वाढीमुळे झाला की नुसता डीएनए द्रवात सुटल्यामुळे, हे कळत नाही.

प्रश्न : तपासणीसाठी बिया ओल्या टीपकागदावर ठेवल्या की सगळीकडे रायझोपस (झपाट्याने वाढणारी दुसरी बुरशी) पसरतो. फ्युजेरियम दिसतच नाही.

उत्तर : बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. तीन टीपकागद भिजवून डिश तिरकी धरा आणि सुटं पाणी निथळू द्या. ९० मिमीच्या डिशमध्ये १० पेक्षा जास्त बिया नकोत, मोठ्या असतील तर ५. साधारण २० अंश तापमान, १२ तास निकट-अतिनील (दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या) प्रकाशात आणि १२ तास अंधारात. पहिली पाहणी तिसऱ्या दिवशीच करा. रायझोपस आलेली बी नोंदवून बाजूला काढा, आठव्या दिवसापर्यंत थांबलात तर तो सगळी डिश व्यापतो.

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पांढरट-जांभळट वाढ दिसली की लगेच नाव लिहू नका. फ्युजेरियम व्हर्टिसिलिऑइडिस सूक्ष्मबीजाणूंच्या लांब साखळ्या करतो. सर्सिनेटम साखळ्या करत नाही, बीजाणू टोकाशी गोळ्यासारखे जमतात, आणि कमी पोषक एसएनए आगारवर त्याचे काही तंतू स्प्रिंगसारखे वळतात. ही वळणं सापडली तरी अंतिम शिक्का डीएनए चाचणीचाच.

प्रश्न : ओकच्या बियांत पीसीआर नेहमी निगेटिव्ह येतो, बुरशी डोळ्यांना दिसत असूनही.

उत्तर : टॅनिन, म्हणजे ओकच्या बीतलं तुरट द्रव्य. ते डीएनएसोबत येतं आणि पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज या एन्झाइमला अडवतं. डीएनए काढायच्या सीटॅब द्रावणात २ टक्के पीव्हीपी (टॅनिनला बांधून ठेवणारा पदार्थ) घाला, डीएनए दहापट पातळ करूनही चालवून बघा, पीसीआरच्या अभिक्रियेत बीएसए (अडवणाऱ्या पदार्थांना धरून ठेवणारं प्रथिन) वापरा. प्रत्येक नमुन्यात अंतर्गत नियंत्रण (चाचणी चालली तर हमखास उमटणारा माहितीतला डीएनए) हवंच. तेही उमटलं नाही तर तो निकाल ‘निगेटिव्ह’ नाही, ‘चाचणी झालीच नाही’ असा लिहायचा.

ओकची बी वाळवली की मरते, त्यामुळे नमुना सुकवून साठवण्याची सवय इथे नडते. मेलेल्या बीवर मृतोपजीवी बुरश्या तुटून पडतात आणि मूळ रोग झाकला जातो. सिबोरिया बात्शियाना या बुरशीमुळे होणाऱ्या काळ्या कुजीसाठी ४१ अंश पाण्यात अडीच तास ठेवण्याचा उपचार केला जातो. तपासणीचा नमुना त्याच्या आधी घ्यायचा की नंतर, हे नोंदवहीत स्पष्ट असू द्या.

प्रश्न : हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा (प्रकाशाच्या अनेक तरंगलांबी वेगवेगळ्या टिपणारा) वापरला तर ही सगळी खटपट वाचेल का?

उत्तर : कॅमेऱ्याला बुरशीपेक्षा बीमधला बदल जास्त दिसतो, आणि सर्वांत ठळक बदल बहुधा पाण्याचा असतो (९७० आणि १४५० नॅनोमीटरच्या आसपास). बाधित बिया दमट आणि निरोगी कोरड्या असतील, तर त्या चित्रांवरून रोगट बी ओळखायला शिकवलेलं संगणकीय मॉडेल फक्त ओलावा शिकतं. सगळ्या बिया आधी सारख्या आर्द्रतेवर आणा. आणि विदा (डेटा) विभागताना एकाच लॉटच्या बिया प्रशिक्षणात व चाचणीत दोन्हीकडे टाकू नका. अख्खे लॉट वेगळे ठेवा. तसं केल्यावर अचूकतेचा आकडा बहुधा घसरेल. प्रबंधात तोच छापा.