‘रिकोडिंग’ला मराठीत काय म्हणावे?

दर्यापूर तालुक्यातल्या, इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: गुणाकाराचे सर्किट वेगवान व्हावे म्हणून संख्येचे ‘रिकोडिंग’ करतात, त्याला ‘पुनर्संकेतन’ म्हणावे का?

माझे मत, नको. संकेत म्हटले की गुप्त लिपी किंवा संदेश मनात येतो. इथे संख्या तीच राहते, ती लिहिण्याचे अंक तेवढे बदलतात. म्हणून ‘फेरलेखन’.

आणि असे फेरलेखन मराठीत मुरलेलेच आहे. हिंदीत ८९ म्हणजे नवासी, आपल्याकडे एकोणनव्वद: नव्वदाला एक उणा. कापसाच्या खेडा खरेदीत सात हजारांच्या भावाने एकोणीस क्विंटलचे पैसे काढायचे, तर एकोणिसाचा पाढा कोण म्हणतो? “ईसाचे धर, एकाचे काढ.” एक लाख चाळीस हजारातून सात हजार गेले, राहिले एक लाख तेहतीस हजार.

सर्किट हेच करते. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ ने लिहिताना, १५ म्हणजे ११११. गुणताना प्रत्येक १ साठी एक, म्हणजे चार बेरजा. तेच १६ उणे १ धरले की एक बेरीज, एक वजाबाकी. ब्रिटिश संगणक-संशोधक अँड्र्यू बूथ यांची ही रीत १९५१ची. पण ०१०१ अशी संख्या आली की काम उलट वाढते.

अभियंते मॅकसॉर्ली यांनी १९६१ साली दोन-दोन बिटांचे, म्हणजे द्विमान अंकांचे, गट घेतले. गटाची किंमत ० ते ३. ज्या संख्येला गुणायचे तिची दुप्पट सोपी, बिटे एक घर डावीकडे सरकवली की झाले. अडते ते तिपटीशी, तिला वेगळी बेरीज लागते. म्हणून ३ ऐवजी ४ उणे १ लिहायचे. तो ४ पुढच्या गटात हातचा १ होतो. मला सगळ्यात आवडते ते पुढचे: २ सुद्धा ४ उणे २ असाच लिहितात. त्यामुळे गटाचे वरचे, म्हणजे डावीकडचे, बिट १ असले की हातचा आहेच. पुढचा गट ते एक बिट पाहतो आणि आपला अंक ठरवतो, कोणी कोणाची वाट पाहत नाही. वेग येतो तो इथून. ७ म्हणजे ०१ ११. त्याचे होतात २ आणि उणे १, दोन चोक आठ, त्यातून एक गेला. १६ बिटांच्या चिन्हांकित (धन किंवा ऋण असू शकणाऱ्या) गुणकाला १६ऐवजी ८ आंशिक गुणाकार, म्हणजे शेवटी बेरीज करायच्या ओळी, पुरतात.

‘निगेटिव्ह डिजिट’ला ऋण अंक चालेल, पण मी ‘उणा अंक’ म्हणेन. एकोणिसातला ‘ऊन’ तोच. पुनर्संकेतन हा शब्द, संदेश एका संकेतातून दुसऱ्यात नेतात, तिथे ठेवावा.