चांदवड : एका दिवसाचा निवांत मुक्काम

प्रश्न : मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघीही नुकत्याच सेवानिवृत्त झालो आहोत. मुलीकडे इंग्लंडला गेली असताना तिने एका खेड्यातल्या जुन्या पांथशाळेत दुपारचे जेवण घेतले. एके काळी घोडागाडीने जाणारे प्रवासी तेथे उतरत आणि आजही तेथे जेवण व खोली मिळते. तेव्हापासून असे एखादे ठिकाण नाशिकजवळ शोधून एक दिवस तेथे घालवावा, असे तिने मनात घेतले आहे. आम्हा दोघींनाही गाडी चालवणे नको आहे, तिचे गुडघे दुखतात आणि दिवसभरात पाच ठिकाणे उरकण्याची आम्हाला हौस नाही. कोठे जावे? जेवणाचा डबा बरोबर घ्यावा का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या मैत्रिणीने पाहिले तसे, म्हणजे निजायला खोली, ताटात गरम जेवण आणि अंगणात घोड्यांचा तबेला हे सारे एकाच मालकाच्या छपराखाली देणारे, शतकानुशतके चालू असलेले घर नाशिक परिसरात शोधू नये, असे मी स्पष्टच सांगतो. उत्तरेकडे सराया होत्या. शेरशहा सूराने 1540 ते 1545 या आपल्या छोट्या कारकिर्दीत मोठ्या रस्त्यांवर दर दोन कोसांवर त्या बांधवल्याचे इतिहासकार नोंदवतात. आपल्या बाजूला अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला मोगलकालीन सराई आजही उभी आहे. पण ती नाशिकपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असल्याने आपल्या निवांत दिवसाला तिचा उपयोग नाही.

नाशिक-त्र्यंबकची रीत वेगळी होती. येथे येणारा यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यांच्या वाड्यात उतरत असे, उपाध्याय वहीत त्याच्या घराण्याची नावे लिहून घेत आणि निरोप घेताना तो यथाशक्ती दक्षिणा ठेवत असे. ज्याचे कोणी ओळखीचे नसे, तो धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत किंवा गावच्या चावडीवर पथारी टाकी. धर्मशाळा पुण्यासाठी बांधलेली असे, धंद्यासाठी नव्हे; शिवाय सोवळेओवळे आणि जातींचे निर्बंध कडक असल्यामुळे परक्याच्या हातचे शिजलेले अन्न अनेकांना चालत नसे. म्हणून तेथे छप्पर, पाणी आणि फार तर शिधा मिळे, तीन दगडांची चूल मात्र ज्याची त्याने मांडायची असे. खानावळ आणि निवारा एकत्र आणणारी इमारत आपल्याकडे क्वचितच उभी राहिली, याचे मोठे कारण मला हेच वाटते. प्रवाशाच्या गरजा एका घरात न भागता वाडा, बारव, देऊळ आणि बाजारपेठ मिळून अख्ख्या गावात भागत. त्यामुळे आपण एखादी इमारत शोधण्यापेक्षा मुक्कामाचे गाव निवडावे, आणि त्यासाठी माझे मत चांदवडला आहे.

चांदवड नाशिकपासून मुंबई-आग्रा रस्त्याने सुमारे 65 किलोमीटरवर आहे. गोदावरी आणि गिरणा यांची खोरी वेगळी करणाऱ्या सातमाळा रांगेतल्या खिंडीच्या तोंडाशी ते वसलेले असल्याने, खानदेशातून घाट चढून आलेला प्रवासी, व्यापारी किंवा लष्कर येथे दम घेणार हे उघडच होते. होळकरांनी हे स्थान ओळखले. त्यांचा तेथील वाडा रंगमहाल या नावाने ओळखला जातो आणि 1767 ते 1795 या काळात कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंची आठवण त्याच्याशी जोडलेली आहे. भक्कम तटबंदी, आतले चौक, नक्षीदार लाकडी खांब आणि भिंतींवरची चित्रे हे सारे घाईने पाहण्यासारखे नाही. चौकात थोडा वेळ बसले, तर दिंडीदरवाजातून आत आलेल्या माणसाला कोणत्या क्रमाने कोठवर प्रवेश मिळत असेल, याचा अंदाज आपोआप येतो. येथे होळकरांची टांकसाळही होती आणि तिचा चांदवडी रुपया जुनी नाणी जमवणाऱ्यांना परिचित आहे. जानेवारी 1818 मध्ये झालेल्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि या वाड्याची रया तेव्हापासून उतरत गेली. अशा वास्तूंत दुरुस्तीची कामे अधूनमधून चालतात, तेव्हा निघण्यापूर्वी तो उघडा आहे का, याची चांदवडच्या एखाद्या परिचिताकडून खात्री करून घ्यावी.

दुपारनंतर गावातल्या जुन्या बारवांपैकी एखादी पाहावी. मैत्रिणीने मात्र वरच्या कठड्यावरूनच पाहावे, कारण जुन्या बारवांच्या पायऱ्या उंच असतात. रेणुकामातेचे देऊळ गावाबाहेर महामार्गालगत डोंगराच्या कुशीत आहे आणि तेथवर रिक्षाने जाता येते. नवरात्रात तेथे मोठी गर्दी होते, म्हणून ते दिवस टाळावेत. किल्ल्याचा चढ अवघड आहे. गावातून तो छान दिसतो, तेवढे पुरे.

नाशिकहून मालेगाव-धुळ्याकडे जाणाऱ्या एसटीने दीड-दोन तासांत पोहोचता येते. गाडी चांदवडला थांबते ना, एवढे वाहकाला आधी विचारावे. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे पडते. सकाळी आठच्या सुमारास निघावे, म्हणजे उन्हे तापण्याआधी वाडा निवांत पाहून होईल. पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि हिवाळा हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये मात्र जाऊच नये.

डब्याविषयी : तो न्यावा, पण अर्धाच. दशम्या, चटणी आणि दही एवढे पुरे, कारण महामार्गावरच्या ढाब्यांवर मिळणारी झणझणीत शेवभाजी आणि बाजरीची भाकरी सोडून घरची पोळी-भाजी खाण्यात काही अर्थ नाही. शेवभाजी मागवताना तिखट कमी घालायला सांगावे. सांगूनही ती तिखटच येते, आणि तेव्हा डब्यातले दही उपयोगी पडेल. परतीची गाडी चारच्या सुमारास पकडावी. संध्याकाळी पिंपळगाव बसवंतपासून नाशिकपर्यंत वाहनांची वर्दळ वाढते आणि उभ्याने प्रवास करण्याची वेळ आपल्या मैत्रिणीवर येऊ नये.