पुस्तक नंतर घे, आधी चिठ्ठ्या कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: व्हिडिओ बघून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं (एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन खेळतात, त्या खेळाचं) वेड लागलंय, सोलापुरात चार मित्र तयार आहेत, पण आधी खेळलेलं कुणीच नाही. पुस्तकं महाग, वीस बाजूंचा फासा इथल्या दुकानांत दिसत नाही, सगळं इंग्रजीत, आणि सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणारा, कोण होणार म्हटलं की चौघंही तुझ्याकडे बघतात. सेकंड इयरला आहेस म्हणतोस, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. मी नऊ-दहा वर्षं सोलापुरातच हे खेळ खेळवतोय, बहुतेक वेळा विजापूर रोडला आमच्या गच्चीवर.

सूत्रधार तूच होणार, ते आधी मान्य कर. जो चौकशी करत फिरतो त्याच्याच गळ्यात ही माळ पडते.

पुस्तकांवर आत्ता पैसे घालवू नकोस. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले. चारशे पानांची पीडीएफ आहे, फुकट उतरवता येते, आणि श्रेय देऊन मराठी करायचं म्हटलंस तरी कुणी अडवणार नाही. पण तीही आत्ता वाचू नकोस. मी पहिलं पुस्तक ऑनलाइन मागवलं तेव्हा हातात पडलं ते झेरॉक्स काढून बांधलेलं बाड, मधली सोळा पानं उलटी. ते सुलट करून वाचण्यात महिना गेला आणि त्या महिन्यात डाव एकही झाला नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ बाजारात आणला तेव्हा डब्यात तीन बारक्या पुस्तिका होत्या. उरलेलं लोकांनी आपापल्या घरी, आपापल्या अकलेने भरलं.

फाशाचंही तसंच. वहीच्या कागदाच्या वीस चिठ्ठ्या कर, एक ते वीस आकडे लिही, स्टीलच्या डब्यात टाक. काढलेली चिठ्ठी परत आत टाकून डबा हलवायचा, हे मात्र विसरू नका. नाहीतर वीस एकदा निघून गेला की पुढे तो येणारच नाही, आणि ते सगळ्यांच्या ध्यानात असतं. हे गरिबाघरचं काम वाटत असेल तर ऐक: १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द कंपनीनेच नवशिक्यांच्या डब्यात फाशांऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून विकल्या होत्या. मोबाइलवरही फासा टाकता येतो, पण त्यात मजा नाही. डब्यात हात घालून कुणीतरी चिठ्ठी उलगडतोय आणि बाकीचे तिघं वाकून बघतायत, हा क्षण अॅपमध्ये मिळत नाही.

पहिल्या डावाला मी त्या चिठ्ठ्याही नको म्हणेन. सापशिडीचे साधे दोन फासे घे. कुणी अवघड काही करायला निघालं की दोन्ही टाकून बेरीज करायची. सहा किंवा कमी आले तर फसलं. दहा किंवा जास्त आले तर झालं. सात ते नऊ आले तर झालं, पण काहीतरी भोवलं. ही पद्धत २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळातून पसरली आणि नवख्या सूत्रधाराला ती तारून नेते. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात. त्यातले १५ फसवणारे, १५ मधले आणि फक्त ६ निर्विवाद यशाचे. पात्राला ज्यात गती आहे तिथे बेरजेत एक मिळवायचा. मग फसवणारे १० वर येतात, यशाचे १० होतात आणि मधले १६. म्हणजे तुझा बराचसा वेळ 'झालं, पण...' यातच जाणार, आणि पुढची गोष्ट त्या 'पण'मधूनच निघते. तुला घरून लिहून आणावी लागत नाही.

मी ती लिहून आणली होती. बावीस पानं. पहिल्याच डावात इंग्रजीतून वाचायला सुरुवात केली, "यू एन्टर अ डिमली लिट टॅव्हर्न." एकाने विचारलं, "टॅव्हर्न म्हणजे परमिट रूम का बे?" दुसरा चादरीखाली मोबाइल बघत होता. मी त्यांना उत्तरेकडच्या गुहेत न्यायला बघत होतो आणि ते दक्षिणेकडच्या गावात जायचं म्हणत होते, जे मी लिहिलेलंच नव्हतं. दीड तासात संपलं. सगळे "भारी होतं" म्हणाले आणि पुढच्या रविवारी दोघांना अचानक काम निघालं.

महिनाभराने पुन्हा जमवलं तेव्हा एकच पान नेलं. बंद पडलेली कापडगिरणी. वीस वर्षं टाळं, यंत्रं भंगारात गेलेली, आणि गेल्या अमावास्येपासून रोज रात्री तीनला तिथून भोंगा वाजतो. आपल्याकडे हे वेगळं समजवावं लागत नाही. भोंग्यावर ज्यांची घड्याळं चालायची अशी माणसं प्रत्येकाच्या घरात होऊन गेली. खाली तीन माणसं लिहिली आणि प्रत्येकाला काय हवंय ते एका ओळीत: वॉचमन भीमण्णाला नोकरी टिकवायचीय, बिल्डरच्या माणसाला चिमणी पाडायचीय, शेजारच्या आजींना भोंगा बंद व्हायला नकोय. आणि एक ओळ अशी, की कुणी काहीच केलं नाही तर चौथ्या रात्री काय होईल. एवढीच तयारी. आजही मी याहून जास्त करत नाही.

तर चौघं गेटवर आले. एक म्हणाला भिंतीवरून चढतो, दुसरा म्हणाला वॉचमनच्या डोक्यात काठी घालतो. वीस मिनिटं वाद. आई तेव्हा गच्चीवरचे पापड काढायला आली होती. तिने पापड काढता काढता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अरे, त्या म्हाताऱ्याला आधी चहा तरी विचारा. रात्रभर एकटा बसलाय तो."

माझ्या पानावर चहा नव्हता. मी म्हटलं, टाका फासे. आठ आले. झालं, पण. भीमण्णाने बशीत ओतून चहा प्यायला, गेट उघडलं, आणि "मी पण येतो, मला एकट्याला भ्या वाटतंय" म्हणत कंदील घेऊन मागे लागला. तो सत्तरीचा म्हातारा पुढचे चार डाव त्यांच्याबरोबर फिरला. दर दहा मिनिटांनी त्याला बसायला लागायचं. लिहून आणलेल्या बावीस पानांत असा एक माणूस नव्हता.

म्हणून सूत्रधाराचं काम म्हणशील तर एवढंच: काय दिसतंय ते तीन-चार वाक्यांत सांग, मग विचार, "आता काय करताय?" आणि गप्प बस. ही गप्प बसण्याची दहा सेकंदं सगळ्यात अवघड. आपल्यालाच काहीतरी सुचवावंसं वाटतं. सुचवायचं नाही.

भाषेचं उत्तर यातच आलं. घरी बोलता तसंच बोला. आमच्यात एक पूर्व भागातला, घरी तेलुगू. एकाच्या घरी कन्नड. एक दखनी बोलणारा. भीमण्णा मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये पुटपुटायचा आणि ते फक्त एकालाच कळायचं, मग बाकीचे त्याच्या मागे, "काय म्हणलालाय बे तो?" फुकटात गुप्त भाषा मिळाली. नियमांतले शब्द मात्र ओढून-ताणून मराठी करू नकोस. लेव्हल, सेशन, कॅरेक्टर चालतात. मी सूत्रधार आणि मोहीम (अनेक डाव चालणारी एक गोष्ट) एवढे दोनच ठेवलेत, कारण ते तोंडात बसतात.

एक गोष्ट मात्र आधी करायची होती आणि मी केली नाही. गिरणीच्या दुसऱ्या डावात आतमध्ये जेवणाचा डबा घेतलेला एक कामगार दिसतो, आणि तो सारखा "माझा हिशेब राहिलाय" म्हणतो, असं मी घातलं. आमच्यातला एक जण एकदम गप्प झाला, नंतर पाणी भरायचंय म्हणून खाली गेला. जिन्यात गाठल्यावर कळलं, त्याचे आजोबा गिरणीत होते, आणि गिरणीचे पैसे हातात पडायच्या आधीच ते वारले. मला ठाऊक नव्हतं, पण विचारलं असतं तर झालं असतं. तेव्हापासून नव्या मोहिमेआधी प्रत्येक जण नाव न घालता चिठ्ठीवर लिहितो, काय टेबलावर नको. त्याच स्टीलच्या डब्यात टाकतो, मी एकटा वाचतो आणि ते विषय येऊ देत नाही. जातपात आणि देवधर्म मी स्वतःहूनच बाहेर ठेवतो. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेतली गर्दी, पाळणे, दुकानं हवी तेवढी घे. त्या जत्रेतल्या पूजेच्या नंदीध्वजांना खेळात आणू नकोस.

त्या मित्राचं राहिलं. तो पुढच्या डावाला आला आणि आपणहून म्हणाला, आजोबा नुसत्या आवाजावरून सांगायचे कुठल्या गिरणीचा भोंगा ते, आणि माझ्या पात्रालाही ते कळायला पाहिजे. फासे टाकले, अकरा. मग मला त्याच क्षणी ठरवावं लागलं की हा भोंगा या गिरणीचा नाहीच. सगळी मोहीम फिरली. गावात दुसरी गिरणी तर पार जमीनदोस्त झालेली होती.

मारामारी पहिल्या डावात एकच ठेव आणि छोटी ठेव. कुणी एकटाच सारखा बोलत असेल तर दुसऱ्याचं नाव घेऊन विचार, त्यापलीकडे उपाय नाही.

घरच्यांचं बघ. फासे दिसले की पहिला प्रश्न जुगाराचा येतो, महाभारत सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं आहे. दार लावून खेळू नका. एक संध्याकाळ हॉलमध्ये बसा, ऐकू दे त्यांना. पैसे कुठेच नाहीत हे दिसलं की प्रश्न मिटतो, आणि माझ्यासारखं नशीब असेल तर स्वयंपाकघरातून सल्लेही येतात.

मोहिमा मरतात त्या नियमांमुळे नाही, तारखेमुळे मरतात. "जमेल तेव्हा खेळू" म्हणालात की संपलं. एक रविवार सोडून एक रविवार, वेळ ठरलेली, तीन तास, चारातले तीन आले की डाव होणार. जो नाही आला त्याचं पात्र भीमण्णाबरोबर मागे बसलंय असं समजायचं. मे महिन्यात गच्चीवर सात वाजल्याशिवाय चढू नका, फरशी पोळते. आणि नळाला पाणी यायच्या दिवशी डाव ठेवू नका. ऐन रंगात कुणाची तरी हाक येते आणि दोघं हंडे भरायला जातात.

राहिला शत्रूंचा प्रश्न, शत्रू म्हणून टेबलावर मांडतात त्या महागड्या छोट्या मूर्तींचा. आम्ही शेंगदाणे मांडतो. एक दाणा एक शत्रू, आणि जो मारेल त्याने खायचा. फक्त खारे आणू नका, साधे भाजलेले आणा. मिठाच्या बोटांनी चिठ्ठ्या चिकटतात.