गुलामी संपल्यावर अमेरिकेतल्या काळ्या लोकांना ‘४० एकर अन् एक खेचर’ खरंच मिळालं का?

नाही, बहुतेकांना नाहीच मिळालं. जानेवारी १८६५ मध्ये यादवी युद्धातल्या उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने साउथ कॅरोलिना, जॉर्जिया अन् फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची जमीन कुटुंबामागे ४० एकरापर्यंत द्यायचा हुकूम काढला होता (खेचराचा त्यात उल्लेखच नाही), पण लिंकनच्या खुनानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी युद्धात बंड केलेल्या जुन्या जमीनमालकांना माफी दिली अन् बरीचशी जमीन त्यांच्याच घशात गेली. मग काय, काळ्यांनी त्या मालकांच्याच शेतात बटईने कापूस पिकवायचा, बियाणं, धान्य सगळं उधारीवर, व्याज अव्वाच्या सव्वा अन् हिशोबाची वही मालकाकडे, त्यामुळे वर्षाअखेरीस हातात बऱ्याचदा कर्जच. फक्त ‘कोणाकडेच जमीन नव्हती’ असं मात्र नाही, काहींनी पुढे पै-पै साठवून स्वतःच विकत घेतली.