वाचक विचारतात : माग विकू का?

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे, टाइप १ मधुमेह आहे. दिवसाला चार वेळा इन्सुलिन टोचावं लागतं. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यानं ‘तिच्याच पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून देतो, इन्सुलिन कायमचं सुटेल’ असं सांगून साडेचार लाख मागितलेत. घरात दोन यंत्रमाग आहेत, एक विकावा म्हणतो. काय करू?
– एक वडील, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : दादा, माग विकू नका.

टाइप १ मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. या पेशी स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशींपासून, प्रयोगशाळेत वाढवायचं काम जगात खरोखर चाललंय. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना हाच आजार, म्हणून ते यामागे लागले; २०१४ मध्ये त्यांच्या गटानं अशा पेशी मोठ्या संख्येनं बनवून दाखवल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना अशा पेशी दिल्या; पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. वाचून मला फार आनंद झाला. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले.

पण ते सगळे रुग्ण प्रौढ होते, साखर एकाएकी धोकादायक उतरणारे. पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडलेल्या. शरीरानं त्या नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात, आणि त्या चाचणीतला एक रुग्ण मेंदूच्या आवरणाच्या संसर्गानं दगावलाही. शाळकरी मुलीला असल्या औषधांवर ठेवणं सोपं नाही.

तुम्हाला जे विकताहेत ते यातलं काहीच नाही. चरबीतल्या पेशी टोचल्यानं बीटा पेशी तयार होत नाहीत. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेहावर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. त्या दवाखान्याकडे सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. आईबापाच्या काळजीवर चाललेला हा धंदा बघून मला चीड येते.

इन्सुलिन नीट द्या, एकही दिवस बंद नको. मांडीवर, पोटावर रोज टोचता तिथं बोट फिरवून बघा. गाठ लागली तर जागा बदला, गाठीत दिलेलं औषध नीट भिनत नाही. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात वीज गेली की बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून माठात ठेवा. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, दर तीन महिन्यांनी करा. आजाराला पाच वर्षं झाली असतील तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. वर्गशिक्षकांना भेटून सांगा : घाम फुटला, हात थरथरले तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, घरी पाठवायची वाट बघायची नाही. दप्तरात ग्लुकोजची पुडी आजच टाका.