रिव्हर्स घेतला की रोबोट झोपतो

प्रश्न : काका, आम्ही देवरूखची चार पोरं, इंजिनिअरिंगला आहोत. स्पर्धेसाठी चार मोटरींचा रोबोट केलाय. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी, ईएसपी३२ कंट्रोलर, मोटरी चालवायला चार ड्रायव्हर, कंट्रोलरच्या ५ व्होल्टसाठी ७८०५ रेग्युलेटर. टेबलावर चाकं हवेत ठेवून सगळं मस्त चालतं पण जमिनीवर फुल स्पीडमधून एकदम रिव्हर्स घेतला की कंट्रोलर रीसेट. बॅटरी मागे, बोर्ड पुढे, मधे मीटरभर १ स्क्वेअर एमएमची वायर. कोड तीनदा तपासला. बोर्ड नव्याने मांडायचा तर कसा मांडू?

उत्तर : कोड चौथ्यांदा तपासू नका, बिचाऱ्याचा काही गुन्हा नाही. गुन्हा वायरीचा आहे, आणि हिशोब अगदी सोपा आहे. मोटर जोरात फिरत असताना उलटा सप्लाय दिला की ती क्षणभर जनरेटरसारखी वागते, तिचा स्वतःचा व्होल्टेज तुमच्या सप्लायमध्ये मिळतो आणि करंट जाम झालेल्या मोटरीपेक्षाही जास्त ओढला जातो. धरून चाला की चौघींचे मिळून ५० अँपिअर. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १९ मिलीओहम, जायला एक मीटर यायला एक मीटर, म्हणजे ३८, गुणिले ५० केलं की जवळपास २ व्होल्ट नुसते वायरीत गेले. बॅटरी जुनी असेल तर दीड-दोन व्होल्ट ती स्वतःच खाते, एखादा जॉइंट ढिला असेल तर अजून एक. १२ मधले सातच्या आसपास उरले, आणि ७८०५ ला ५ द्यायला आत कमीत कमी ७ लागतात. झाला रीसेट. टेबलावर चाकं हवेत होती, लोडच नव्हता, मग तिथं कशाला होईल.

म्हणून बॅटरी बोर्डाच्या शेजारी आणा, हातभरसुद्धा नको, वीतभर. ४ स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल वायर घ्या, घराच्या फिटिंगची जाड कडक नको, बारीक तारांचीच. तेच ५० अँपिअर वीतभर ४ स्क्वेअरमधून गेले तर पाव व्होल्टपण पडत नाही. ७८०५ काढून बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणारं छोटं मॉड्यूल, लावा, आणि त्याचा प्लस-मायनस ड्रायव्हरच्या टर्मिनलवरून न घेता थेट बॅटरीपासून वेगळ्या वायरीने आणा. नाहीतर मोटरींचा करंट ज्या मायनसमधून परततो त्याच मायनसवर कंट्रोलर बसतो आणि त्याचा शून्य कधी शून्य राहतच नाही. कोडमध्ये एकच गोष्ट करा, रिव्हर्स घेताना पाव सेकंद रॅम्प द्या, म्हणजे वेग एकदम न उलटवता हळूहळू बदला.

आता मांडणी. मी पोरांना पहिल्यांदा आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा आणायला सांगतो, आपल्याकडे मे महिन्यात त्याला काय तोटा. बोर्डाच्या मापाचा कापा, ड्रायव्हर, बक, फ्यूज सगळं खरंखुरं त्यावर ठेवा आणि पेन्सिलीने वायरी आखा. जाड वायरी एका बाजूने, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूने, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. मोटरीच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या. दोन-तीनदा उचलून ठेवल्यावर कळतं की स्क्रूड्रायव्हर घालायला जागाच नव्हती, आणि हे पुठ्ठ्यावर कळलेलं बरं. मग खरा बोर्ड, प्लाय नको, पावसाळ्यात फुगतो आणि स्क्रू सैल होतात, पॉलीकार्बोनेटची शीट घ्या. बोर्ड चार बोल्ट काढले की अख्खा बाहेर यायला पाहिजे. आणि चॅसिसला भोकं पाडताना तो बाहेरच ठेवा, एक बारीकसा लोखंडाचा किस ड्रायव्हरवर पडला की धूर.

फ्यूज गाडीचे पात्यांचे घ्या, ऑटो इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतात, निळा १५ अँपिअर, पिवळा २०, हिरवा ३०. प्रत्येक मोटरीला एक, आणि मेन फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी चिकटून. फ्यूज मोटर वाचवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो, तेव्हा वायर झेपेल तेवढाच.

राहिले जॉइंट. यूपीएस बॅटरीला पात्या असतात, त्यावर सरकवायचे लग, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे कनेक्टर, ढिले होतात. आमच्या एका टीमचा रोबोट रत्नागिरीत ठणठणीत होता, आंबा घाट चढून कोल्हापुरात उतरवला तर मेला. प्लसचा लग अर्धा बाहेर आलेला. तेव्हापासून आमच्याकडे नियम, प्रत्येक जॉइंट ओढून बघायचा, नीट ओढायचा, लाजायचं नाही. तुम्ही अजून एक करा. रोबोटला भिंतीला टेकवून मोटरी दोन सेकंद लोडवर चालवा, मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या पातीवर, दुसरी लगच्या पुढच्या वायरीवर. २०-३० मिलीव्होल्ट दिसले तर ठीक, ४०० दिसले तर चोर तिथंच बसलाय. असं एकेक जॉइंट करत पुढे जा. अर्धा तास लागतो, कोड तपासण्यापेक्षा कमी.

प्रश्न : वायरी सोल्डर कराव्या की क्रिंप? आमच्याकडे मालवणात तांबं लगेच काळं पडतं.

उत्तर : क्रिंप, म्हणजे वायरीवर लग दाबून बसवायचा. पण पकडीने चेपलेलं क्रिंप नव्हे, रॅचेटवालं क्रिंपर उसनं आणा. स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरीचं टोक तर कधीच सोल्डरने भरू नका, खूप जण तेच करतात, दिसायला छान दिसतं. शिसं-कथील मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि महिन्याभराने स्क्रू सैल. फेरूल, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची बारीक नळी, लावा.

खाऱ्या वाऱ्याचं म्हणाल तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींची वायरिंग करणाऱ्याच्या शेजारी एक दिवस बसा. त्याने एकदा माझ्यासमोर एक वायर सोलली, टोकाला काळी, म्हटलं इंचभर कापून टाक, तर इंचभर आतपण काळी, मग अजून इंचभर, बोटभर गेल्यावर कुठं लाल तांबं दिसलं. तारांच्या फटीतून ओल आत चढते. म्हणून तो कथलाचा मुलामा दिलेल्या तारांची वायर वापरतो, आणि लगवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. महाग पडते, पण रोबोटला लागते किती, चार-पाच मीटर. आणि काळ्या तांब्यावर क्रिंप करू नका, चकचकीत दिसेपर्यंत कापा.

प्रश्न : इमर्जन्सी स्विच कुठे?

उत्तर : वरती, लाल, कोणत्याही बाजूने हात पोचेल असा, हलणाऱ्या भागापासून लांब. माझ्या मते त्याने फक्त मोटरींचा सप्लाय तुटावा, कंट्रोलर चालू राहिला तर काय झालं ते नंतर वाचता येतं. पण तुमच्या स्पर्धेच्या नियमात सगळंच बंद व्हायला पाहिजे असं असेल तर सगळं बंद. स्विचवर लिहिलेले अँपिअर एसीचे की डीसीचे ते बघून घ्या, एसीला १० लिहिलेला स्विच डीसीला तेवढा तोडत नाही, आत ठिणगी धरून ठेवतो आणि कॉन्टॅक्ट चिकटून बसतात.